टी-शर्ट रंगवण्याचे यंत्र आणि ‘माल परत घेण्याची हमी’

मी लातूरची. शाळेत असताना इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिली होती आणि स्टेन्सिल, म्हणजे नक्षीचा कापलेला साचा, कापण्याची सवय मला तेव्हापासून आहे. गेल्या दिवाळीनंतर आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक गृहस्थ आले. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेनासारखे यंत्र, वापरून टी-शर्टवर चित्रे काढायची, १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला आणि १४ एप्रिलच्या भीमजयंतीला मंडळांकडून अशा टी-शर्टांना मोठी मागणी असते, यंत्र, रंग व कोरे टी-शर्ट आम्ही देऊ आणि तयार माल नगामागे ६० रुपये मजुरी देऊन आम्हीच परत घेऊ, असे त्यांनी सांगितले. मागणीची गोष्ट खरी होती, म्हणून बाकीचेही खरे वाटले. गटाकडून कर्ज काढून मी ३८,५०० रुपये भरले.

करारपत्रात ‘गुणवत्ता तपासणीत उत्तीर्ण झालेला मालच स्वीकारला जाईल’ असे एक वाक्य होते. मी ते वाचले होते, पण स्वतःच्या हातावर विश्वास असल्याने त्याची भीती वाटली नाही.

पहिले ५० टी-शर्ट ‘धुतल्यावर रंग टिकत नाही’ म्हणून परत आले आणि कोऱ्या मालाची किंमत माझ्या अनामत रकमेतून कापली गेली. दुसऱ्या वेळीही तेच झाले. दोन महिने मी स्वतःलाच दोष देत रात्री जागून सराव करीत राहिले, याचे आज सर्वांत जास्त वाईट वाटते.

अखेर एका टी-शर्टच्या कापडातलाच (शिवणीतला नव्हे) धागा काढून मी जाळून पाहिला. सुती धागा जळताना कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. हा धागा वितळला आणि त्याची टणक काळी गोळी झाली. म्हणजे ‘शंभर टक्के सुती’ म्हणून दिलेल्या कापडात पॉलिएस्टर होते. नंतर रंगाची बाटली घेऊन लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या एका रंगविक्रेत्याकडे गेले. हा भिंतीला लावायचा इमल्शन रंग आहे आणि त्यात स्टेनर, म्हणजे छटा देणारा द्रव रंग, मिसळला आहे, असे त्यांनी सांगितले. कापडाचा रंग सुकल्यावर त्यावर कागद ठेवून गरम इस्त्री काही मिनिटे फिरवली की तो धाग्यांत पक्का बसतो आणि कापड बऱ्यापैकी मऊ राहते. माझ्या टी-शर्टवरचा रंग मात्र इस्त्रीनंतर पापडासारखा कडक होई आणि पहिल्याच धुण्यात त्याचे पापुद्रे निघत. यंत्रही केकवर रंग फवारण्याच्या प्रकारातले, हवेची टाकी नसलेले निघाले. टी-शर्टवर साधारणपणे ४० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास दाब लागतो. त्याच्या निम्माही दाब हे यंत्र सलग देत नसे, त्यामुळे दाट रंग नळीत अडकायचा आणि पाणी घालून पातळ केला तर स्टेन्सिलच्या कडेखाली पसरायचा. थोडक्यात, त्यांनी दिलेल्या साहित्यातून त्यांच्या तपासणीत उतरणारा माल कोणाच्याही हातून तयार होणे शक्य नव्हते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की असा कोणी आला तर पैसे देण्याआधी त्याच्याच रंगाने, त्याच्याच टी-शर्टवर, त्याच्याच यंत्राने एक नमुना त्यालाच करायला सांगा. तो नमुना घरी आणून इस्त्री करा, दोन-तीन दिवस ठेवा आणि साबणाने तीन वेळा धुवा. त्याला ते मान्य नसेल तर बोलणे तिथेच थांबवा.

पैसे परत मागितल्यावर ‘तुम्ही हे व्यवसायासाठी घेतले, त्यामुळे तुम्ही ग्राहक नाही’ असे उत्तर मला मिळाले आणि मी काही आठवडे गप्प बसले. हे उत्तर चुकीचे होते. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू स्वतः वापरणारी व्यक्ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकच ठरते, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नसते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी माहिती घेता येते.

मी तक्रार दाखल केली आहे. संतापाच्या भरात रंगाच्या बहुतेक बाटल्या मी मोरीत ओतून टाकल्या होत्या; एक अर्धी बाटली, न धुतलेले दोन टी-शर्ट आणि परत आलेल्या मालाची पावती एवढेच माझ्याकडे उरले आहे. कोणाच्या घरी असे साहित्य पडून असेल, तर त्यातला थेंबही फेकू नका.