फक्त गाठ काढायची की पूर्ण स्तन? निर्णय घ्यायचा असेल त्या बाईसाठी

स्तनाचा कर्करोग लवकर सापडला आहे आणि सर्जननी दोन्ही पर्याय समोर ठेवले आहेत: गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन, किंवा संपूर्ण स्तन काढणं. अशा वेळी घरातलं कुणीतरी वडीलधारं हमखास म्हणतं, "काढूनच टाका, पुन्हा डोक्याला ताप नको." त्यामागे माया असते आणि भीतीही. पण जितकं जास्त कापू तितकं जास्त जगू, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. लवकरच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कर्करोगात ते खरं नाही, आणि ते अनेक वर्षं कसून तपासलं गेलं आहे.

इटलीतल्या मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ बायकांवर हा अभ्यास केला. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची. कुणाला कोणती शस्त्रक्रिया हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं गेलं, डॉक्टरांच्या मर्जीवर नाही. निम्म्या बायकांचा स्तन छातीच्या स्नायूंसकट काढला, तर निम्म्यांचा फक्त गाठीकडचा भाग काढून रेडिएशन दिलं. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांतलं मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखं होतं, ४१ ते ४२ टक्के, आणि त्यात सगळ्या कारणांचे मृत्यू धरलेले होते. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासात चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी घेतल्या होत्या. त्याचेही वीस वर्षांचे आकडे २००२ मध्ये आले आणि निष्कर्ष तोच निघाला.

फरक पडतो तो त्याच जागी आजार परत येण्यात. मिलानमध्ये स्तन वाचवलेल्या ३५२ जणींपैकी ३० जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली. पूर्ण स्तन काढलेल्या ३४९ जणींपैकी ८ जणींना छातीच्या त्या बाजूला आजार परतला. हा फरक लहान नाही आणि तो कुणी लपवू नये. पण परतलेली गाठ तपासणीत सापडली की तिच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करता येते, आणि वीस वर्षांच्या आयुर्मानात हा फरक उमटला नाही. शिवाय हे आकडे जुन्या काळातले आहेत. ब्रिटनमध्ये २०२० साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात बहुतेक बायकांचा स्तन वाचवलेला होता, पाच वर्षांत त्याच बाजूला आजार परतण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होतं.

स्वीडनमध्ये जवळजवळ ४९ हजार बायकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्तन वाचवून रेडिएशन घेतलेल्या बायका उलट जास्त जगल्याचं दिसलं. पण तिथे गट चिठ्ठी टाकून पाडलेले नव्हते, म्हणून तेवढ्यावरून एक शस्त्रक्रिया दुसरीपेक्षा जीव जास्त वाचवते असं मी म्हणणार नाही. एवढं मात्र नक्की की स्तन वाचवणं म्हणजे जिवाशी खेळ नव्हे.

रेडिएशन, म्हणजे लाईट

या पर्यायाची खरी किंमत इथे आहे. स्तन वाचवायचा असेल तर बहुतेक बायकांना रेडिएशन घ्यावंच लागतं. फिशर यांच्या अभ्यासात रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के बायकांना त्याच स्तनात आजार परतला, घेतलेल्यांत १४ टक्के. म्हणून "गाठ काढून झाली, लाईट नंतर बघू" हा तिसरा पर्याय डोक्यातून काढून टाका. वय सत्तरच्या पुढे, गाठ लहान, काख स्वच्छ (म्हणजे काखेतल्या लसीका ग्रंथींत आजार नाही; पुढे 'काखेतल्या गाठी' म्हटलंय ते याच ग्रंथींना) आणि गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी असेल, तर रेडिएशन टाळून फक्त हार्मोनरोधक गोळ्यांवर राहण्याचा विचार होऊ शकतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा बायकांत रेडिएशन न घेतल्यास दहा वर्षांत दहा टक्के, घेतल्यास दोन टक्के पुनरागमन झालं, पण आयुर्मानात फरक पडला नाही.

पूर्वी रेडिएशन पाच-सहा आठवडे चालायचं. आता बऱ्याच जणींना १५ वेळा, म्हणजे तीन आठवडे पुरतं. वर उल्लेख केलेल्या ब्रिटनच्या अभ्यासात एका आठवड्यात पाच वेळा दिलेलं रेडिएशनही कमी पडलं नाही. आपल्याला किती दिवसांचं, हे आधीच विचारा, कारण मुंबईत घर आणि हॉस्पिटल यांतलं अंतर हाच मोठा प्रश्न असतो. विरारहून किंवा बदलापूरहून परळला रोज जाणं आणि दादरहून जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांना बसता येतं. संकोच करून जनरल डब्यात चेंगरत जाऊ नका, कागदपत्रं जवळ ठेवा. गावाहून येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. खोली लगेच मिळेल असं समजू नका, शस्त्रक्रियेच्या आधीच चौकशी करा.

स्तन काढला की लाईट टळते, असं बऱ्याच जणी धरून चालतात. ते नेहमीच खरं नसतं. गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा काखेतल्या चार किंवा जास्त गाठींत आजार असेल, तर स्तन काढल्यावरही सहसा रेडिएशन लागतं, आणि एक ते तीन गाठी असल्या तरी डॉक्टर अनेकदा सुचवतात. केवळ लाईट चुकवायची म्हणून स्तन काढायला तयार होत असाल, तर आधी विचारा: "काढल्यावर मला रेडिएशन लागायची शक्यता किती?"

केमोचंही तसंच आहे. केमो द्यायची की नाही हे गाठीचा प्रकार, ईआर-पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का, हे दाखवणाऱ्या चाचण्या), हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन तिच्यात जास्त आहे का, ही चाचणी) आणि काखेतल्या गाठी यांवरून ठरतं. स्तन काढला म्हणून केमो वाचत नाही.

आरसा, ब्लाउज, नवरा

याबद्दल घरात बोललं जात नाही आणि ओपीडीत तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. स्तन वाचवलेल्या बायकांचं स्वतःच्या शरीराविषयीचं समाधान जास्त असतं, असं बहुतेक अभ्यासांत दिसतं, आणि तरुण बायकांत हा फरक ठळक असतो. पूर्ण स्तन काढल्यावर ती जागा बधिर राहते. एका बाजूचं वजन गेल्यामुळे खांदा आणि पाठ वेगळी वागू लागते. ब्लाउजमध्ये सिलिकॉनचा किंवा विणलेला हलका कृत्रिम स्तन घालता येतो. पोटाच्या किंवा पाठीच्या मांसाने, नाहीतर इम्प्लांटने पुनर्रचनाही करता येते, पण त्यात शस्त्रक्रिया वाढते, खर्च वाढतो.

पण वाचवलेला स्तनही पूर्वीसारखा राहतोच असं नाही. तो लहान किंवा कडक होऊ शकतो, रेडिएशनमध्ये कातडी काळवंडते. काही जणींना तर तो असणंच दर तपासणीच्या वेळी धास्तीचं वाटतं. "दरवर्षी मॅमोग्राफीच्या आधी झोप लागणार नाही, मला तो नकोच" असं एखादी ठामपणे म्हणत असेल, तर तो पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असू शकतो. मात्र तो तिचा असावा, सासूचा किंवा नवऱ्याचा नव्हे.

हाताच्या सुजेचा संबंध स्तनापेक्षा काखेशी जास्त आहे. काखेतल्या गाठी पूर्ण काढल्या तर साधारण पाचातल्या एकीच्या हाताला सूज येते. पहिल्या काही गाठींपुरतीच तपासणी केली तर विसातल्या एकीला. भांडी घासणं, पाण्याची बादली उचलणं, लोकलची दांडी धरणं, सगळं त्या हाताने करायचं असतं, म्हणून "काखेत किती काढणार?" हा प्रश्न स्तनाच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे.

काही वेळा निवड उरतच नाही. स्तनात दूरदूर अनेक गाठी असतील, कातडी लाल होऊन सुजली असेल, छातीला आधी रेडिएशन झालं असेल किंवा काढलेल्या भागाच्या कडेला पुन्हापुन्हा आजार सापडत असेल, तर स्तन काढणंच सहसा योग्य ठरतं. गर्भार असाल तर बाळंतपणापर्यंत रेडिएशन देता येत नाही. बीआरसीए जनुकातला (स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा, आईवडिलांकडून येणारा) दोष असेल तर गणित वेगळं होतं. उलट, गाठ मोठी असली तरी आधी केमो देऊन ती लहान करून स्तन वाचवता येतो का, हे विचारायला हरकत नाही.

आजार हाडांत, यकृतात पसरला असेल तर "निदान स्तन तरी काढा" असा आग्रह घरचे धरतात. परळच्या टाटा रुग्णालयातच ३५० बायकांवर याचा अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. स्तन काढल्याने आयुष्य वाढलं नाही.

दोन्ही पर्याय खुले असतील आणि रोज रेडिएशनला जाणं जमणार असेल, तर माझा कौल स्तन वाचवण्याकडे आहे. तीन आठवड्यांचा प्रवास अशक्यच असेल आणि स्तन काढल्यावर लाईट लागणार नाही असं डॉक्टर सांगत असतील, तर काढणं हाही तितकाच सुरक्षित मार्ग आहे. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दोन्ही बसतात का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेची मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला) शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी विचारा.

दुसरं मत घ्यायला काही दिवस लागले तरी बहुतेकींचं नुकसान होत नाही, फक्त महिने जाऊ देऊ नका. जाताना मॅमोग्राफीच्या फिल्म आणि बायोप्सीचे ब्लॉक व स्लाइड (काढलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) मागून सोबत न्या. नुसता रिपोर्टचा कागद नेला तर नवीन ठिकाणी तपासणी पुन्हा होते, पैसे जातात आणि हाताशी असलेले ते काही दिवसही त्यातच संपतात.