नामिबियाची सहल आखून देणारी पणजीतील एक सेवा: जनावरांत तरबेज, माणसांत कच्ची

पणजीतील एका छोट्या संस्थेकडून आम्ही नामिबियाच्या सहलीची आखणी करून घेतली. वन्यजीवांच्या बाबतीत या मंडळींचा अभ्यास पक्का आहे. तेथील माणसांच्या बाबतीत तो सुरुवातीला तितका नव्हता.

नामिबियात बहुतेक प्रवासी भाड्याची गाडी घेऊन स्वतःच हिंडतात, आणि वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने असल्याने गोवेकराला त्यात अवघड काही नाही. अवघड आहेत ती अंतरे. संस्थेने दिलेल्या तक्त्यात प्रत्येक टप्प्यापुढे रस्ता डांबरी की खडीचा हे लिहिलेले होते. राजधानी विंडहूक ते सेस्रीम हे सुमारे साडेतीनशे किलोमीटर नकाशावर अर्ध्या दिवसाचे वाटतात, पण वाटेत खडी असल्याने त्यांनी पूर्ण दिवस राखला. सेस्रीमचा मुक्कामही नामिब वाळवंटातील उद्यानाच्या फाटकाच्या आत घेतला, कारण आत राहणाऱ्यांना सूर्योदयापूर्वी निघता येते आणि सोसुसव्हलेईकडील साठ किलोमीटर कापून उन्हाच्या आधी वाळूच्या टेकड्या गाठता येतात. शेवटचे पाच किलोमीटर मऊ वाळूचे असून तेथे साधी गाडी रुतते, तेव्हा ती वाहनतळावर ठेवून तेथील जीपने पुढे जावे, एवढी बारीक नोंदही त्यात होती.

एटोशा या वन्यजीवांच्या राष्ट्रीय उद्यानासाठी चवथ आटोपून निघावे, हा सल्ला घरच्यांनाही मानवला. मे ते ऑक्टोबर हा तेथील कोरडा काळ. तो सरत येतो तसे पाणी मोजक्या पाणवठ्यांवरच उरते आणि जनावरे तेथे येतात. उद्यानातील ओकाउक्वेयो या मुक्कामाच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. बुटक्या दगडी भिंतीमागच्या बाकावर बसून काळे गेंडे पाणी पिताना पाहता येतात. कुनोत 2022 साली सोडलेले पहिले आठ चित्ते नामिबियाचेच असल्याने ओळखीतले सगळे चित्त्यांविषयी विचारत होते. संस्थेने मात्र चित्ता दिसेलच अशी हमी देण्याचे टाळले, हे मला आवडले.

माणसांच्या वाट्याला पहिल्या आराखड्यात एकच ओळ आली होती: ‘हिंबा वस्ती, दीड तास’, तीही जेवण आणि पेट्रोल यांच्या मध्ये. हिंबा ही तेथील गुरे पाळणारी जमात. कोण नेणार, परवानगी कोणाची, पैसे कोणाच्या हाती जाणार, काहीच नव्हते. शिगम्यात न विचारता तोंडासमोर कॅमेरा धरणारे पर्यटक ज्यांनी सोसले आहेत, त्यांनी तरी हे प्रश्न विचारायलाच हवेत. आम्ही आग्रह धरल्यावर संस्थेने ओपुवो या तिकडच्या गावाहून हिंबांची भाषा बोलणारा वाटाड्या ठरवला, वस्तीसाठी मक्याचे पीठ आणि साखर तेथूनच घ्यायला सांगितले, आणि प्रमुखाची झोपडी व गुरांचा गोठा यांच्या मधल्या पवित्र अग्नीची रेषा ओलांडू नये, हेही कळवले. ट्वायफेलफोंटेनची प्राचीन प्रस्तरचित्रे 2007 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तेथे मात्र शेवटपर्यंत भर दुपारचा एकच तास मिळाला.

खर्चाच्या अंदाजात उद्यानांचे प्रवेशशुल्क आणि इंधन धरलेले नव्हते, आणि हे आगाऊ रक्कम भरल्यावरच कळले. त्यांच्याकडे जाणाऱ्यांनी या दोन रकमा आधीच लेखी मागून घ्याव्यात, आणि शाकाहारी असल्यास प्रत्येक मुक्कामाला तसे कळवायला लावावे, कारण तिकडच्या जेवणात मांसाचाच भर असतो.