इंकस्केपमधील चित्ररूपांतर : रेखाचित्रांसाठी उत्तम, छायाचित्रांसाठी अपुरे

शाईने काढलेली रेखाचित्रे स्कॅन करून ती व्हेक्टर स्वरूपात (म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा आणि आकारांच्या गणिती वर्णनात, जे मोठे केले तरी फाटत नाही) आणण्याचे काम मला वारंवार करावे लागते आणि त्यासाठी मी इंकस्केप वापरतो. सोडीपोडी या प्रकल्पातून २००३ साली वेगळे झालेले आणि २०२० मध्ये १.० या आवृत्तीपर्यंत पोहोचलेले हे मुक्त सॉफ्टवेअर चित्र काढण्याचे साधन म्हणून पुष्कळांच्या परिचयाचे आहे. येथे मी त्याच्या एकाच अंगाविषयी लिहीत आहे : बाहेरची चित्रफाइल आत घेणे, तिचे रूपांतर करणे आणि तयार झालेले चित्र हव्या त्या स्वरूपात बाहेर काढणे.

पीएनजी किंवा जेपीईजी फाइल आत घेताना इंकस्केप विचारते की चित्र एम्बेड करायचे की लिंक करायचे. घाईत या प्रश्नाकडे दुर्लक्ष होते, पण पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून असते. लिंक केल्यास एसव्हीजी (इंकस्केपची व्हेक्टर चित्राची) फाइल लहान राहते, मात्र मूळ चित्र दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले की ते दिसेनासे होते. एम्बेड केल्यास चित्र मजकुराच्या रूपात फाइलमध्येच साठवले जाते आणि मूळ आकारापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त जागा घेते. दुसऱ्या कोणाला फाइल द्यायची असेल, तर ही वाढ सोसून एम्बेड करणेच मला योग्य वाटते. अशा रीतीने पीएनजी आत ठेवून फाइल एसव्हीजी म्हणून सेव्ह केली, तरी चित्र व्हेक्टर होत नाही. पिक्सेल पिक्सेलच राहतात आणि मोठे केले की फाटतात.

खरे रूपांतर पिक्सेलच्या चित्रावरून आकार गिरवून काढणाऱ्या ‘ट्रेस बिटमॅप’ या सोयीने होते आणि तेथेच इंकस्केपची ताकद दिसते. पिंपळपानाच्या शिरांचे एक रेखाचित्र मी प्रथम जेपीईजीमध्ये स्कॅन केले होते. ते ट्रेस केल्यावर प्रत्येक शिरेच्या कडेला धुळीसारखे शेकडो सूक्ष्म ठिपके उमटले, कारण जेपीईजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करून माहिती दाबते आणि त्यामुळे ठळक काळ्या रेषेभोवती फिकट करडी छटा पसरते. तेच पान ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) पीएनजीमध्ये स्कॅन केले, ब्राइटनेसची मर्यादा थोडी खाली आणली आणि लहान ठिपके गाळणारा पर्याय चालू ठेवला, तेव्हा पानाच्या टोकाकडे निमुळती होत जाणारी रेषासुद्धा जशीच्या तशी उतरली. पॉट्रेस या ज्या प्रणालीवर हे काम चालते, तिची वळणे खरोखरच सुरेख असतात.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. या पद्धतीत रेषा ही रेषा म्हणून येत नाही, तर काळ्या रंगाने भरलेला बंद आकार म्हणून येते, त्यामुळे नंतर तिची जाडी बदलता येत नाही. जाडी बदलण्याची गरज असेल, तर रेषेच्या मध्यातून ट्रेस करणारा पर्याय वापरावा लागतो, तो १.० पासून उपलब्ध आहे, पण जेथे दोन रेषा मिळतात तेथे बऱ्याचदा वाकडा सांधा तयार होतो आणि नोड (रेषेचा आकार ठरवणारे बिंदू) हाताने सरळ करावे लागतात. छायाचित्रांच्या बाबतीत मात्र मी ट्रेसिंगची शिफारस करणार नाही. रंगांचे थर वाढवत नेले की हजारो नोडांची जड फाइल हाती येते आणि मूळ चित्राचा मऊपणाही उरत नाही.

फाइल बाहेर काढण्याची व्यवस्था १.२ आवृत्तीपासून बरीच सुधारली आहे. एकाच वेळी अनेक पाने किंवा अनेक निवडलेल्या वस्तू वेगवेगळ्या स्वरूपांत काढता येतात. येथे डीपीआयचा हिशेब स्वतः करणे बरे : ४ इंच रुंदीचे चित्र ३०० डीपीआयने छापायचे असेल तर १२०० पिक्सेल हवेत, आणि मूळची ९६ डीपीआयची मांडणी तशीच ठेवली तर ३८४ पिक्सेलच मिळतात. पार्श्वभूमी पारदर्शक हवी असेल तर पीएनजी निवडावी, कारण जेपीईजीत पारदर्शकता नसते. पीडीएफ देताना अक्षरांचे पाथमध्ये (म्हणजे साध्या आकारांत) रूपांतर करण्याचा पर्याय मी न चुकता निवडतो. एरवी दुसऱ्या संगणकावर फाइल दुरुस्तीसाठी उघडली आणि तेथे फाँट नसला, तर जोडाक्षरे विस्कटतात. अर्थात असे केल्यावर मजकूर सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपावी लागते.

मोठी उणीव छपाईच्या रंगांची आहे. मी वापरत असलेल्या १.३ आवृत्तीतून सीएमवायके (छपाईच्या निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या या चार शायांच्या) रंगांतील पीडीएफ थेट मिळत नाही. त्यासाठी मी एसव्हीजी स्क्रायबस या पानांची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, रंग तेथे बदलतो आणि छपाईची फाइल तेथूनच काढतो.