'लुक अप' की 'लुक ॲट'? क्रियापदाचा जोडीदार शोधायला चार मोफत इंग्रजी शब्दकोश

ऑक्सफर्ड, लाँगमन, केंब्रिज आणि कॉलिन्स कोबिल्ड हे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेले चार कोश संकेतस्थळांवर फुकट उघडता येतात. इथे त्यांची परीक्षा एकाच कामापुरती केली आहे. क्रियापद माहीत आहे. त्याच्यानंतर कोणतं प्रिपोझिशन येतं, कर्म कुठे बसतं आणि 'इट' मध्ये घालायचं की शेवटी, हे कोणता कोश लवकर आणि चोख सांगतो? शब्दांचे अर्थ द्यायला चारही भरवशाचे आहेत, त्यात वेळ घालवायला नको.

आधी कोशाला नेमकं काय विचारायचं ते ठरवू. 'रन अप अ हिल' आणि 'रन अप अ बिल' ही दिसायला जुळी वाक्यं. पहिल्यात 'अप अ हिल' हा एक तुकडा आहे, कुठे धावला ते सांगणारा. दुसऱ्यात 'रन अप' हा तुकडा आहे, म्हणजे बिल चढवणं, आणि 'बिल' त्याचं कर्म. म्हणून बिलाच्या बाबतीत 'रन इट अप' म्हणतात आणि टेकडीच्या बाबतीत 'रन अप इट'. पहिल्या 'अप'ला प्रिपोझिशन म्हणतात, दुसऱ्याला पार्टिकल. हा भेद तुमचा कोश दाखवतो की नाही, आणि दाखवत असेल तर कोणत्या खुणेने, एवढं कळलं की अर्धं काम झालं.

लाँगमन आणि ऑक्सफर्ड दोघेही हे दोन टोकांच्या बाणाने (↔) दाखवतात. 'लुक समथिंग ↔ अप' असं छापलेलं असेल तर कर्म दोन्हीकडे चालतं: 'लुक द वर्ड अप' आणि 'लुक अप द वर्ड'. मात्र कर्म 'इट', 'देम', 'हिम' यांपैकी असेल तर ते मध्येच आलं पाहिजे; 'लुक अप इट' चूक. कर्म लांबलचक असेल तर उलट ते शेवटीच शोभतं, नाहीतर 'अप' इतकं लांब पडतं की वाचणारा त्याची वाट पाहत राहतो. 'लुक आफ्टर समबडी' इथे बाण नाही, म्हणजे कर्म नेहमी 'आफ्टर'नंतर. बाण नाही पण कर्म मध्येच छापलंय, असा तिसराही प्रकार असतो, आणि नेमका तोच नजरेतून निसटतो. 'सी समथिंग थ्रू' म्हणजे हाती घेतलेलं काम तडीस नेणं. 'सी थ्रू समथिंग' म्हणजे एखादं ढोंग किंवा बनाव ओळखणं. दोन्ही नोंदी एकाखाली एक असतात, फरक फक्त 'समथिंग' कुठे बसलंय याचा. अर्थाची ओळ वाचून पान बंद करणाऱ्याच्या हातून हीच गोष्ट सुटते.

रोजच्या वापरासाठी आमची पहिली पसंती लाँगमनला. १९७८च्या पहिल्या आवृत्तीपासून त्याच्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांत लिहिलेल्या असतात, त्यामुळे व्याख्या समजायला दुसरा कोश उघडावा लागत नाही. या कामासाठी त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे रचना ठळक अक्षरात आधी येते आणि उदाहरण तिच्याखाली. 'अ‍ॅग्री' काढा: माणसाशी 'विथ', प्रस्तावाला 'टू', सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या गोष्टीवर 'ऑन', प्रत्येकाचं स्वतंत्र वाक्य. काही क्रियापदांना प्रिपोझिशनची गरजच नसते, तिथे व्याकरणाची वेगळी चौकट देऊन 'असं म्हणू नका' असं स्पष्ट बजावलेलं असतं. 'डिस्कस' हे त्यातलं ठळक उदाहरण. 'डिस्कस अबाउट' चूक, 'डिस्कशन अबाउट' बरोबर. क्रियापदाला नको असलेलं प्रिपोझिशन त्याच्याच नामाला मात्र लागतं. 'रिक्वेस्ट', 'एम्फसाइझ' आणि 'लॅक' यांचंही तसंच. क्रियापद म्हणून ही थेट कर्म घेतात. नाम झाली की 'रिक्वेस्ट फॉर', 'एम्फसिस ऑन', 'लॅक ऑफ'. म्हणून नोंद उघडल्यावर आधी वर बघा, क्रियापदाच्या पानावर आहात की नामाच्या. चुकीच्या पानावरून उचललेलं प्रिपोझिशन हे या सगळ्या घोळाचं फार मोठं कारण आहे.

कॉलिन्सच्या पानावर एक सावधगिरी हवी. तिथे एकाच शब्दाखाली एकाहून अधिक कोश रचलेले असतात आणि आपल्याला हवा तो फक्त कोबिल्डचा भाग. १९८७ साली निघालेल्या कोबिल्डची खासियत म्हणजे व्याख्याच पूर्ण वाक्यात असते: अमुक माणूस तमुक गोष्टीवर अवलंबून असतो, तेव्हा काय होतं, अशा घाटात. प्रिपोझिशन व्याख्येतच वापरून दाखवलेलं असल्यामुळे ते वेगळं पाठ करावं लागत नाही. शिवाय उदाहरणांमागे चौकटी कंसात रचना लिहिलेली असते. त्या कंसात 'पार्टिकल' हा शब्द दिसला की ते फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि पार्टिकल मिळून झालेली जोडी, समजा. अधिक चिन्ह आणि पुढे 'ऑन' किंवा 'विथ' दिसलं की ते साधं प्रिपोझिशन. बाकीच्या कोशांत बाण नसेल तिथे हा भेद अंदाजाने काढावा लागतो, इथे तो लिहूनच ठेवलाय. तरी नवशिक्याला आम्ही कोबिल्ड आधी सुचवणार नाही, कारण पानावर गर्दी फार आणि त्या खुणांची सवय व्हायला वेळ लागतो. शंका मिटवायला मात्र याच्याइतका चांगला दुसरा नाही.

ऑक्सफर्डचं मूळ ए. एस. हॉर्नबी यांच्या १९४२ साली जपानमध्ये निघालेल्या कोशात आहे. क्रियापदानंतर काय येऊ शकतं याची पद्धतशीर मांडणी हाच त्या कोशाचा गाभा होता आणि ती शिस्त आजही टिकून आहे. 'अ‍ॅग्री विथ समबडी', पुढे कंसात 'अबाउट, ऑन समथिंग' अशी ओळ दिसली तर कंसातला भाग गाळला तरी चालतो असं समजायचं. 'थ्रो'च्या नोंदीत 'थ्रो टू' आणि 'थ्रो ॲट' दोन्ही सापडतील: 'टू' म्हणजे झेलण्यासाठी टाकलं, 'ॲट' म्हणजे मारण्यासाठी फेकलं. 'शाउट टू' म्हणजे ऐकू जावं म्हणून ओरडणं, 'शाउट ॲट' म्हणजे अंगावर ओरडणं. 'ॲट' समोरच्याला लक्ष्य करतं. ही एक गोष्ट ध्यानात राहिली तर 'लाफ ॲट' आणि 'एम ॲट' आपोआप जागी बसतात.

केंब्रिजचा कोश या कामात चौथा, पण त्याच संकेतस्थळावरचा व्याकरणाचा विभाग चुकवू नये. प्रिपोझिशन आणि फ्रेझल व्हर्ब यांवर तिथे स्वतंत्र लेख आहेत आणि चुकीचं वाक्य बरोबर वाक्याशेजारी ठेवलेलं असतं.

शोधायची पद्धतही महत्त्वाची. नुसतं 'पुट' टाकलं तर 'पुट अप विथ' गाठायला भलीमोठी नोंद खाली ओढत जावं लागतं. शोधपट्टीत तिन्ही शब्द टाका, बहुतेक वेळा थेट पोचाल. क्रियापद मूळ रूपात टाका, 'लुक्ड' किंवा 'लुकिंग' नको. नोंद उघडली की बाण, 'समथिंग'ची जागा आणि कंस आधी बघा, मग अर्थ. शेवटी एक उदाहरण मोठ्याने वाचा, कारण 'लुक इट अप'मध्ये आवाजाचा जोर 'अप'वर येतो आणि 'लुक ॲट इट'मध्ये तो 'लुक'वर राहतो. कानाला हा फरक बसला की बाण नसतानाही ओळख पटते.

'लुक फॉरवर्ड टू'सारख्या जोड्यांत चारही कोशांतली उदाहरणं नीट वाचावीत. इथला 'टू' प्रिपोझिशन आहे, म्हणून पुढे 'मीटिंग' येतं, 'मीट' नाही. 'ऑब्जेक्ट टू' आणि सवय असणं या अर्थाचा 'बी यूज्ड टू' यांनाही हाच नियम लागतो. कर्मणी वाक्यातही प्रिपोझिशन गळू द्यायचं नाही. 'द चाइल्ड वॉज लुक्ड आफ्टर बाय हिज आंट' यात 'आफ्टर' आणि 'बाय' शेजारी आले म्हणून एक काढून टाकायचा मोह होतो; काढला की वाक्य मोडतं.

चारही कोश एका ठिकाणी थांबतात. क्रियापदाला चिकटलेलं प्रिपोझिशन ते देतात, वाक्यात मोकळं आलेलं देत नाहीत, आणि देऊही शकणार नाहीत. 'शी डिसायडेड ऑन द बोट' याचे दोन अर्थ होतात: तिने होडी निवडली, किंवा होडीत असताना निर्णय घेतला. कोशात फक्त निवडण्याचा 'डिसाइड ऑन' मिळेल. दुसरा अर्थ ओळखायला 'ऑन द बोट' हा तुकडा उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवून बघा. 'ऑन द बोट, शी डिसायडेड' हे वाक्य ऐकलं की निवडीचा अर्थ गळून पडतो आणि उरतो तो फक्त होडीतल्या निर्णयाचा. लिहिताना निवडच सांगायची असेल आणि घोटाळा नको असेल, तर 'चोझ द बोट' लिहा.