गांधीलमाशीचं पोळं: शंभरचा मॅक्रो की शंभर-चारशे?

मी आधी १०० मिमी मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) घेतला आणि दोन वर्षांनी १००-४०० झूम (लांबून फोटो काढायची). हेच उलट केलं असतं तर दोन डंख वाचले असते. तुमच्या छज्ज्याखाली पोळं असेल आणि पैसे एकाच लेन्सपुरते असतील, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

चित्राच्या दर्जात दोघांनाही नावं ठेवायला जागा नाही. फरक अंतराचा. मॅक्रोवर फोकसचं कमीत कमी अंतर ३० सेंमी लिहिलेलं असतं, पण ते सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत चित्र टिपणाऱ्या भागापासून मोजलेलं. माशी खऱ्या आकारात हवी असेल, तर काचेपुढे जेमतेम १३-१४ सेंमी उरतात. माझ्या झूमला ९८ सेंमी लागतात. तेही सेन्सरपासूनच, पण निदान आपलं नाक पोळ्यापासून मीटरभर लांब राहतं. ४०० वर मोठेपणा ०.३१ पट, म्हणजे क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरवर साधारण सात सेंटिमीटर रुंदीची चौकट. देठाला लटकलेलं मध्यम पोळं त्यात नीट बसतं.

डंखामुळे माझं मत फिरलं असं वाटेल, पण डंख विसरता येतो. मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. पावसाळाभर मॅक्रोने काढलेले फोटो एकदा सलग बघायला बसलो, तर प्रत्येक फोटोत माश्या माझ्याकडेच बघत होत्या. पंख ताठ उचललेले, तोंडं लेन्सकडे. एकीचंही लक्ष घरात नाही. इतक्या जवळून आपला श्वास पोळ्यावर जातो, लेन्सची सावली पडते, मग काम टाकून सगळ्या पहाऱ्यावर. शंभरेक फोटो, पण पोज एकच!

झूम स्टँडवर लावून पहिल्यांदा बसलो, तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत पंख खाली आले. एक माशी अळीचा हिरवा गोळा घेऊन आली, दुसरीने तो तोंडातून काढून घेतला, चावला आणि घराघरात डोकं घालून पिलांना भरवला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर अनेक दशकं काम केलं. तिची राणी दादागिरी करत नाही, त्यामुळे वागण्यावरून ती पटकन ओळखूच येत नाही. म्हणून तिथे माश्यांना रंगाचे ठिपके लावून तासन्‌तास बघत बसतात. हे मॅक्रो धरून होणारं काम नव्हे, निदान माझ्याच्याने तरी.

झूम जड आहे, महाग आहे. आमच्या गॅलरीत मागे सरकता सरकता कठडा पाठीला लागतो. फोकस मध्येच मागच्या भिंतीवर जाऊन बसतो, म्हणून मी तो हातानेच करतो. डोळ्याची जाळी, नांगीचं टोक असलं काही हवं असेल, तर झूमकडून अपेक्षाच ठेवू नका. एक्स्टेंशन ट्यूबने (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळीने) थोडं भागतं, पण मग लांबचा फोकस जातो.

आग्या मोहोळ असेल तर हा वादच मिटला. तिथे मीटर काय आणि वीत काय, दोन्ही सारखंच. एकीने नांगी मारली की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या येतात. लांबून, चारशेनेच, पोळ्यावर उठणारी लाट टिपावी आणि निघावं. डंखाची अ‍ॅलर्जी असेल तर तेवढंही नको.

दोन्ही घेणं परवडत नसेल तर आधी झूम आठवडाभर भाड्याने आणून बघा. तुमच्या माश्या माझ्यापेक्षा समंजस असतीलही.

मॅक्रो मी विकलेला नाही. कुंभारीण माशी एकटीच राहते, मातीच्या मडक्यावर पहारा देत नाही. परवा तिने आमच्या दाराच्या चौकटीला असंच एक मडकं चिकटवलं. लुळी पडलेली अळी ती त्याच्या अरुंद तोंडातून आत ढकलत होती आणि माझी लेन्स तिच्यापासून वीतभरावर होती. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.