व्हिएन्ना-८ : माद्या अंड्यातच गाळणारा फळमाशीचा वाण

वंध्य केलेले नर रानात सोडायचे, रानातल्या माद्यांची अंडी त्यांच्यामुळे फुकट जातात; अशी कीड आवरायची, तर सोडण्याआधी माद्या वेगळ्या काढलेल्या बऱ्या. वंध्य मादीच्या अंड्यांतून काही निघत नसले तरी ती फळाला टोचतेच, शिवाय सोडलेले नर रानातल्या माद्या सोडून तिच्याच मागे लागतात. भूमध्यसागरी फळमाशीपुरते या अडचणीवर सर्वांत पक्के उत्तर म्हणजे व्हिएन्ना-८. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) आणि आयएईए (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था) यांच्या ऑस्ट्रियातल्या झायबर्सडॉर्फ प्रयोगशाळेने तो विकसित केला. ग्वाटेमालातल्या एल पिनोसारख्या मोठ्या केंद्रांत याच घराण्यातले वाण वाढवले जातात.

यातली युक्ती साधी आहे. पाचव्या गुणसूत्रावर दोन अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रतींत असले तरच दिसणारे, दोष आहेत. पहिल्यामुळे तपकिरी कोष पांढरा होतो, दुसऱ्यामुळे (टीएसएल, म्हणजे तापमानाने मारणारा दोष) गर्भ उष्णतेला टिकत नाही. मादीत दोन्ही दोष दुहेरी असतात. नरात मात्र पाचव्या गुणसूत्राचा निरोगी तुकडा थेट वाय या फक्त नरात असणाऱ्या गुणसूत्राला चिकटवलेला आहे. याच वायवर नर घडवणारे मॉय हे जनुक असते (ते २०१९ मध्ये सापडले). मादी घडवणारे ट्रान्सफॉर्मर हे जनुक स्वतःलाच चालू ठेवते; मॉय ती साखळी तोडते. त्यामुळे ज्याला वाय मिळाला तो नर झाला आणि उष्णतेतूनही वाचला. बाहेरून कोणतेही जनुक घातलेले नाही, त्यामुळे जनुकसुधारित जीवांचे नियम आड येत नाहीत. ही जमेची मोठी बाजू.

वापरताना अंडी पाण्यात ठेवून खालून हवेचे बुडबुडे सोडायचे. अंडी साधारण २४ तासांची झाली की पाणी ३४ अंश सेल्सिअसवर आणून २४ तास तिथेच ठेवायचे. इथे अर्ध्या अंशाची ढिलाई चालत नाही. तापमान उतरले तर माद्या सुटतात, चढले तर नरही दुबळे होतात. हवा बंद पडून अंडी गुदमरली तर दोष वाणाला दिला जातो, म्हणून त्याच खेपेतली थोडी अंडी २५ अंशांवर वेगळी ठेवावीत आणि उबवणीचे प्रमाण ताडून पाहावे. पुढचे काम नेहमीचेच: माशी बाहेर पडण्याच्या एक-दोन दिवस आधी कोष कमी ऑक्सिजनच्या पिशवीत भरून वंध्य करण्यासाठी साधारण १०० ग्रे किरणमात्रा द्यायची.

आता उणी बाजू. पहिली, उतारा कमी. तुकडा जोडलेल्या नराचे जवळपास निम्मे शुक्राणू असंतुलित, म्हणजे गुणसूत्रांचे तुकडे कमी-जास्त असलेले, निघतात. उरलेल्या निम्म्यातल्या माद्या आपण उष्णतेने मारतो. म्हणजे शंभर अंड्यांतून हिशेबाने पंचवीसच नर, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. काही असंतुलित अळ्या तर मरण्याआधी बरेच खाद्यही फस्त करतात. नेहमीच्या वाणाचे अंड्यांचे गणित इथे लावाल तर तोंडघशी पडाल.

दुसरी उणीव जास्त घातक आहे, आणि बहुतेक बिघाड तिच्यातूनच होतात. नरात जोडीच्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल क्वचित होते, पण लाखोंच्या वसाहतीत ‘क्वचित’ म्हणजे रोजच. निरोगी टीएसएल वायपासून सुटून माद्यांकडे गेले की त्या उष्णतेतून वाचतात, वसाहतीतही दोषी माद्यांपेक्षा जोमदार ठरतात आणि पिढ्यान्पिढ्या वाढत जातात. रंगाच्या जनुकाची अदलाबदल झाली तर तपकिरी कोषातून मादी किंवा पांढऱ्यातून नर निघतो, ते डोळ्यांना दिसते. एकट्या टीएसएलची झाली तर कोष पांढराच राहतो आणि काही कळत नाही. म्हणून नुसती रंगाची तपासणी पुरत नाही. प्रत्येक पिढीतला नमुना ३४ अंशांतून काढून पांढरे कोष मोजलेच पाहिजेत. ते दिसले की आधी तापमानाची नोंद पाहा. ती बरोबर असेल तर बिघाड वाणातच आहे.

यावर इलाज म्हणजे गाळणी वसाहत. छोटी, विरळ गर्दीची मूळ वसाहत ठेवायची, दर पिढीला चुकीच्या रंगाचे किडे काढून टाकायचे, तिथून काही पिढ्या संख्या वाढवत न्यायची आणि वाढवलेल्यातला एकही किडा मागे फिरू द्यायचा नाही. अदलाबदल दाबण्यासाठी डी५३ हा उलटवलेला तुकडा असलेला प्रकारही आहे, पण तो गाळणीची जागा घेत नाही. मूळ वसाहतीतल्या खाद्याच्या ट्रेवरही लक्ष हवे, कारण अळ्यांच्या दाटीने ट्रे आतून तापतो आणि माद्या विरळ होतात.

पतंगांसाठी असा वाण का नाही? पतंगांत गुणसूत्रे उलटी असतात: मादी झेडडब्ल्यू, नर झेडझेड. तुतीच्या रेशीमकिड्यात डब्ल्यूवरचा फेम नावाचा इवलासा आरएनए झेडवरच्या मास्क जनुकाचा संदेश कापतो आणि मादी घडते (हे २०१४ मध्ये उलगडले). निरोगी तुकडा डब्ल्यूला जोडला तर तो मुलींना मिळतो, आणि उष्णतेने मुलगे मरतात! रेशमात ही जोडणी अंड्यांच्या किंवा अळ्यांच्या रंगावरून नर-मादी वेगळे करायला वापरतात. पतंगाच्या मादीत अदलाबदल होतच नसल्याने ती व्हिएन्ना-८ पेक्षा टिकाऊही असते. मुली मारायच्या तर सोव्हिएत आनुवंशशास्त्रज्ञ स्ट्रुन्निकोव्ह यांची वाट धरावी लागते: नराच्या दोन झेडवर दोन वेगवेगळे मारक दोष. मुलग्याला आईकडून निरोगी झेड मिळतो, मुलीकडे दोष झाकायला दुसरा झेडच नाही. पण पतंगाच्या नरात अदलाबदल होते, म्हणून तिथेही गाळणी आलीच.

सफरचंदाच्या कॉडलिंग पतंगासाठी कॅनडातल्या ओकानागनमध्ये नर-मादी दोन्ही एकत्र सोडत आले. तिथे ते खपले, कारण पतंगाची मादी फळाला टोचत नाही. फळ पोखरते ती अळी.