फायबर झकास, डब्बा भंगार: जळगावात गेमिंगसाठी घरचं नेट

रेटिंग आधीच देऊन टाकतो. लाईनला ५ पैकी ४, वायरमन पोराला ५, कस्टमर केअरला १, आणि नेटसोबत "फ्री" म्हणून जो पांढरा डब्बा (म्हणजे राऊटर) देतात त्याला २. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण आमच्या पिंप्राळ्याकडे एकाच गल्लीत तीन-चार जण नेट देऊन राहिले आणि डब्बा थोड्याफार फरकाने सगळ्यांचा सारखाच. त्यामुळे तुमच्याकडे कोणाचंही असलं तरी हे कामाचं आहे, पण घरात कोणी गेम खेळत असेल तरच. नुसतं युट्यूब आणि सिरीयल बघायच्या असतील तर पुढे वाचायची गरज नाही, नेट मस्त आहे, घेऊन टाका.

तर प्लॅन १०० एमबीपीएसचा. स्पीड टेस्ट कधीही मारा, ९४-९५ दाखवतो, म्हणजे त्या बाबतीत नाव ठेवायला जागा नाही. आणि तरी रात्री जेवणं झाल्यावर लहाना भाऊ पीसीवर व्हॅलोरंट (ऑनलाइन गोळीबाराचा गेम) लावून बसला की राउंडच्या मध्येच कोपऱ्यात लाल चिन्ह, सगळे प्लेयर जागच्या जागी धावायला लागतात, आणि मग रिकनेक्टिंग. रँक्ड मॅचमधून असं दोन-चारदा बाहेर फेकला गेला की गेमला वाटतं हा मुद्दाम पळाला, आणि वरून पेनल्टी. टीममधली पोरं माईकवर जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो म्हणून थोडं सविस्तर. गेमला स्पीड लागतच नाही, अगदी चिमूटभर डेटा लागतो, पण तो अखंड लागतो. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा अपडेट होतो, म्हणजे अर्धा सेकंद नेट अडखळलं की ६४ अपडेट हुकले, आणि तेवढ्यात समोरच्याने तुम्हाला मारून टाकलेलं असतं. युट्यूब व्हिडिओचा पुढचा भाग आधीच खेचून ठेवतो म्हणून त्याला अर्धा काय पाच सेकंद नेट गेलं तरी समजत नाही. म्हणून घरात बाकीचे म्हणतात "आमचं तर चांगलं चालू आहे, तुझ्याच पीसीला काय होतं", आणि ते पण खोटं बोलत नसतात. मुंबईचा सर्व्हर पकडला तर आमच्याकडे पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, जितके कमी तितके चांगले) २० च्या आसपास राहतो, जळगावहून मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर धरली तर हे फारच छान आहे, त्यामुळे लाईनला ४ दिलेत ते उगाच नाही.

आता कस्टमर केअर. फोन लावला की एकच उत्तर, "सर राऊटर एकदा बंद करून चालू करा". गंमत म्हणजे केल्यावर खरंच बरं वाटतं. कारण रिस्टार्टमध्ये डब्बा नवीन सेशन घेतो, वायफायचा चॅनल ऑटोवर असेल तर त्या क्षणी जो मोकळा दिसेल तो पकडतो, आणि थंड पण झालेला असतो. तास-दोन तास सुरळीत, तेवढ्यात तिकडे कंप्लेंट "रिझॉल्व्ह्ड" म्हणून बंद, मेसेज पण येतो की समाधानी असाल तर ५ स्टार द्या. रात्री परत तेच.

शेवटी काम झालं ते दोन काळ्या खिडक्यांमुळे. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट दोनदा उघडायचं, एकात राऊटरला पिंग लावायचा म्हणजे १९२.१६८.१.१ किंवा तुमच्या डब्ब्याच्या मागच्या स्टिकरवर जो ॲड्रेस असेल तो, दुसऱ्यात बाहेर ८.८.८.८ ला (हा गुगलचा सर्व्हर), दोन्हीत ॲड्रेसच्या आधी ping आणि नंतर -t टाकायचं म्हणजे ते थांबत नाही, चालूच राहतं. मग निवांत गेम खेळा. अडकलं की ताबडतोब खिडक्या बघा. राऊटरवालीच उड्या मारून राहिली असेल तर दोष घरातला, वायफायचा किंवा डब्ब्याचा. राऊटरवाली १-२ वर शांत आणि बाहेरचीच "टाइम्ड आउट" म्हणतेय तर दोष लाईनचा किंवा तिच्या पुढचा. मग त्याचा मोबाईलने व्हिडिओ काढायचा आणि वायरमनला व्हॉट्सॲप करायचा, कस्टमर केअरला नाही, थेट वायरमनला. "नेट स्लो आहे" म्हटलं की कोणी येत नाही हो, पण व्हिडिओ बघून पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात.

आमच्याकडे तर दोन्ही खिडक्यांमध्ये भानगड निघाली, पण वेगवेगळ्या वेळेला.

बाहेरच्या भानगडीचं आधी सांगतो कारण ती पटकन सुटली. पोराने पॉवर मीटर (फायबरमधून येणारा उजेड मोजायचं यंत्र) काढला, हिरव्या टोकाची पिन डब्ब्यातून काढून त्यात लावली, आकडा आला मायनस २७. हा आकडा शून्याकडे जितका जवळ तितका उजेड जास्त, आणि मायनस २७-२८ ला या डब्ब्यांचा जीव जवळपास संपतो, म्हणजे आमचं कनेक्शन काठावर लटकलेलं होतं, म्हणूनच कधी यायचं कधी जायचं. तो वायरच्या मागे मागे चालत गेला आणि बेडरूममधून ओरडला, "भो, वायर तं कपाटखाले दबेल शे!" दिवाळीच्या साफसफाईत कपाट सरकवलेलं, पाय बरोबर वायरीवर. फायबरमध्ये काच असते, तांबं नाही, तिला काटकोनात मुडपली की उजेड वळणावरच बाहेर सांडतो. त्याने तेवढा तुकडा कापून नवीन जोड मारला, पिन पुसली, आकडा मायनस १९. आईने केलेला चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. म्हणून त्याला ५.

तुमच्या डब्ब्याच्या सेटिंगच्या पेजवर पण हा आकडा बहुतेक वेळा दिसतो, पॉन किंवा ऑप्टिकल इन्फो असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि त्यात आरएक्स पॉवर, बघून ठेवा.

आता घरातली भानगड, आणि हिचा छडा आईने लावला. एप्रिल-मे मध्ये जळगावची काय भट्टी होते ते सांगायला नको, पारा ४४-४५, संध्याकाळी घरोघरी कुलर. आई म्हणाली, "तुमचं ते नेट मी कुलर लावला का जातं रे." आम्ही हसलो. मग बघितलं तर खरंच, कुलरचं बटण दाबलं की डब्ब्याचे सगळे लाईट एकदम विझतात आणि परत एक एक करून लागतात. म्हणजे नेट जात नव्हतं, डब्बाच रिस्टार्ट होत होता, आणि पूर्ण चढायला दोन-अडीच मिनिटं, तेवढ्यात मॅच गेली. सेटिंगच्या पेजवर अपटाइम (डब्बा किती वेळ सलग चालू आहे) बघितला तर तो पण सांगत होता की साहेब आत्ताच उठलेत.

ॲडॅप्टर घेऊन गोलाणी मार्केटला गेलो, तिथल्या एका मोबाईल-राऊटर रिपेअरवाल्याकडे. त्याने मीटर लावला, १२ व्होल्ट दाखवले. म्हटलं भाऊ हे तर बरोबर आहे. तो म्हणे थांबा, आणि टेबलावर पडलेला एक जुना राऊटर त्याला जोडला, मग परत मीटर लावला तर आकडा १० च्या खाली येऊन नाचायला लागला. रिकामा असताना सगळेच ॲडॅप्टर १२ दाखवतात म्हणे, लोड आला की कळतं. आतला कपॅसिटर फुगलेला, उघडून दाखवला, टोपी वर आलेली. त्यात आमचा कुलर आणि राऊटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, कुलरची मोटर सुरू होताना जोरात करंट खेचते, बोर्डाचे पत्ते ढिले, व्होल्टेज क्षणभर बसतं. चांगला ॲडॅप्टर असता तर त्याने हे पचवलं असतं, याच्यात ताकदच उरली नव्हती. नवीन १२ व्होल्ट २ ॲम्पियरचा घेतला. जुना १ ॲम्पियरचा होता, पण ॲम्पियर जास्त चालतात, व्होल्ट मात्र तेवढेच पाहिजेत, ९ व्होल्टच्या डब्ब्याला १२ चा लावला तर जळू शकतो. राऊटर वेगळ्या सॉकेटवर नेला. विषय संपला. डब्ब्याला २ दिलेत त्यात या ॲडॅप्टरचा मोठा हात आहे.

एवढं झाल्यावर वायफायचं राहिलंच होतं, कारण डब्बा खाली हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आणि भाऊ वरच्या खोलीत, मध्ये स्लॅब. वायफायचे दोन बँड असतात, ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे पण स्लॅबमधून जाताना त्याचा दम निघतो, २.४ जातं पण तिथे आख्ख्या गल्लीची गर्दी. आणि या डब्ब्यात दोघांना एकच नाव दिलेलं असतं, त्यामुळे मोबाईल किंवा पीसी मॅचच्या मध्येच एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो, ती उडी म्हणजे तुमचा लॅग. सेटिंगमध्ये जाऊन दोघांची नावं वेगळी केली, २.४ चा चॅनल ऑटोवरून काढून १, ६, ११ पैकी जो मोकळा होता त्यावर बसवला, आणि ५ चा ३६ वर. ५ मध्ये ५२ पासून १४४ पर्यंतचे चॅनल गेमिंगला टाळाच, ते रडारसोबत वाटून घेतलेले असतात, डब्ब्याला रडारची चाहूल लागली की नियमाने चॅनल सोडून पळावं लागतं, भले ती चाहूल खोटी का असेना.

पण खरं सांगू का, पीसीवर खेळत असाल तर हे सगळं सोडा आणि केबल ओढा. कॅट-६ नावाची नेटची केबल मीटरच्या हिशोबाने मिळते, खिडकीतून वर नेली, भिंतीला क्लिपा मारल्या, झालं. दुकानात लाल लाइटवाले, आठ अँटेनावाले "गेमिंग राऊटर" दाखवतात, दिसायला विंचू, किमती ऐकून घाम, आणि तुमची लाईन मायनस २७ वर असेल तर ते पण काय कपाळ करणार. त्या दुकानदाराने स्वतःच सांगितलं की भाऊ नका घेऊ, म्हणून त्याच्याकडूनच एक साधा ड्युअल बँड गिगाबिट पोर्टवाला घेतला.

तो घ्यायचं कारण वेगळं होतं. रात्री घरातले सगळे मोबाईल चार्जिंगला लागले की लग्नाचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात, अपलोड पूर्ण भरतं, आणि पिंग २० वरून थेट ३०० च्या वर. गेमचं छोटंसं पॅकेट त्या फोटोंच्या रांगेत मागे उभं राहतं. फ्री डब्ब्यात याला काही इलाजच नाही. नवीन राऊटरमध्ये क्यूओएस (कोणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवायची सोय) आहे, त्यात अपलोड-डाउनलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवली आणि भावाच्या पीसीला प्रायॉरिटी दिली, आता फोटो चढत असताना पण पिंग ३० च्या वर जात नाही. पैसे वसूल झाले ते इथे, अँटेनात नाही.

एक डोकेदुखी मात्र होते. नवीन राऊटर जुन्या डब्ब्याला नुसता जोडला तर दोघं पण राऊटरगिरी करतात, डबल नॅट होतं, आणि मित्रांसोबत लॉबी बनवताना, व्हॉइस चॅटला त्रास. डब्बा ब्रिज मोडला टाकायला सांगा, म्हणजे तो नुसती लाईन पुढे देईल, आणि पीपीपीओईचा (नेटच्या लॉगिनचा) युजर-पासवर्ड, सोबत व्हीलॅन आयडी (नवीन राऊटरमध्ये टाकायचा लाईनचा नंबर) मागून घ्या. कस्टमर केअर "सर तसं होत नाही" म्हणणार. होतं. वायरमन पोराने पाच मिनिटात केलं.

आणि कोणी "स्टॅटिक आयपी (कायम एकच राहणारा, फक्त तुमचा बाहेरचा ॲड्रेस) घ्या, गेम चांगला चालेल" म्हणत असेल तर थांबा. राऊटरच्या पेजवर वॅन आयपी (कंपनीने राऊटरला दिलेला ॲड्रेस) १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच बाहेरचा आयपी बऱ्याच घरांत वाटलेला. स्वतःच्या घरी सर्व्हर चालवायचा असेल, किंवा कन्सोलवर नॅट टाइप स्ट्रिक्ट येऊन मित्र जॉइन होत नसतील, तर त्याला पैसे द्या. व्हॅलोरंटसारख्या कंपनीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या गेमला त्याने पिंग कमी होत नाही.

लाईट गेल्यावरचं पण सांगतो कारण आमच्याकडे तो प्रश्न रोजचा. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, १२ व्होल्टचा, ॲडॅप्टर आणि राऊटरच्या मध्ये लावायचा, डब्बा आणि राऊटर दोन्ही वेगळे असतील तर दोन आउटपुटवाला घ्या. आमचा दोन-अडीच तास काढतो. फक्त घेण्याआधी शेजारी विचारा की लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवाल्यांचं नेट चालू राहतं का. आमची लाईन जीपॉन प्रकारच्या फायबरची आहे, तिच्या मधल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागत नाही, म्हणून गल्लीत अंधार झाला तरी नेट येतं. चोपड्याला मामांकडे केबलवाल्याने पोलवर विजेवर चालणारा स्विच टांगलाय, गावाची लाईट गेली की तो मेला, मग मामांनी घरात कितीही मोठा यूपीएस लावो.

घ्यायचं का, तर घ्या, लाईन चांगली आहे. पण सहा महिन्यांचे पैसे एकदम भरू नका, पहिला महिना सुटा घ्या, त्यात उन्हाळ्याची एखादी संध्याकाळ येऊ द्या, आणि जोडणी करायला आलेल्या पोराकडून त्याच दिवशी आरएक्स पॉवरचा आकडा आणि पीपीपीओईचा पासवर्ड वहीत लिहून घ्या, नंतर तो पासवर्ड काढायला ऑफिसमध्ये फार चकरा मारायला लावतात.